आधी तू, मग फुलं

हौसाकाकूंच्या दुकानात मशीनखाली एक पोतं असायचं. कापड बेतून उरलेल्या चिंध्या त्यात जायच्या. महिनाभरात पोतं गच्च भरायचं आणि काकूंना दर वेळी नवल वाटायचं, की आपण एवढं जपून बेततो, मग हे उरतं कुठून? किश्श्यांचंही तसंच आहे. त्या घरात मी आठ वर्षं भाड्यानं राहिले. रोजचं काम, रोजचा चहा, रोजचं दळण, विशेष काहीच घडलं नाही असं वाटायचं. आता आठवायला बसले तर पोतं फुटायला आलंय.

किश्श्यांआधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मूळची हिंगोलीची. अकराव्या वर्षी ओठाजवळ पांढरा डाग आला. मग कोपरावर, मग पाठीवर. तेविसाव्या वर्षापर्यंत डागच उरले नाहीत, कारण डाग नसलेली जागाच उरली नाही. सगळी मीच पांढरी झाले. आईनं तेव्हापासून माझे कपडे एकाच हिशेबानं घेतले: बदामी, पिस्ता, मळका पांढरा, पूर्ण बाह्या, बंद गळा. कातडीत कापड मिसळून जावं आणि लेक कोणाला दिसू नये. तिचा जीव तुटायचा म्हणूनच ती तसं करायची. मलाही तेच हवं होतं. कोणी माझ्याकडे पाहू नये, एवढीच माझी मागणी होती.

२००१ साली घोटावड्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला नोकरी लागली आणि मी खोली शोधत हौसाकाकूंच्या दारात उभी राहिले.

* * *

खोली बघायला जाताना माझं एक पाठ केलेलं वाक्य असायचं. समोरच्यानं विचारायच्या आत म्हणून टाकायचं: "हे कोड आहे, पण ते कोणाला लागत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय." कागद पर्समध्ये तयार. त्याआधी दोन घरांनी कागद नीट वाचून परत दिला होता आणि खोली पाहुण्यांसाठी ठेवलीय म्हणून सांगितलं होतं.

काकू पुढच्या खोलीतल्या दुकानात मशीनवर बसल्या होत्या. काळ्यासावळ्या, ठसठशीत कुंकू, गळ्यात टेप. मी वाक्य म्हटलं. कागद पुढे केला. काकूंनी तो घेतलाच नाही. चष्म्यावरून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"त्ये दिसतंयच की," त्या म्हणाल्या. "पर ह्यो मळका रंग कुनी घालाया लावला तुला?"

खोली मिळाली. कागद अजून माझ्याकडे आहे, त्यानंतर तो कधी उघडायची वेळ आली नाही.

* * *

काकूंचं दुकान म्हणजे दहा-पंधरा तागे, दोन मशिनी आणि एक आरसा. पण आरशावर काकूंचा विश्वास नव्हता. आरशात बाई स्वतःला बघते, गाव तिला रस्त्याच्या पलीकडून बघतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्याकडे कापड पसंत करायची एक वेगळीच रीत होती. कापड खांद्यावरून सोडायचं, रस्ता ओलांडून समोरच्या नामदेवभाऊंच्या पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभं राहायचं, आणि काकू ओट्यावरून बघणार. गावातल्या सगळ्या बायका ही परीक्षा मुकाट्यानं द्यायच्या.

पहिल्या महिन्यात काकूंनी मला एक ड्रेस घ्यायला भाग पाडलं. मी माझ्या सवयीनं पांढऱ्यावर फिकट गुलाबी, टिकलीएवढी फुलं असलेलं कापड निवडलं. काकूंनी फक्त गिरणीकडे बोट केलं. गेले. उभी राहिले. काकूंनी नामदेवभाऊंनाच हाक मारून विचारलं, की तुमच्या दाराशी कोण उभं आहे?

नामदेवभाऊ डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेले. म्हणजे रंगानं माझ्यासारखेच, फक्त त्यांचा संध्याकाळी धुतला जायचा. त्यांनी मान बाहेर काढून इकडे तिकडे पाहिलं.

"कोन न्हाई की. पोतं हाय कुनाचं तरी."

मग मी दिसले आणि बिचाऱ्यांनी जीभ चावली. दुसरीकडे कुठे हे ऐकलं असतं तर मी आठ दिवस खोलीबाहेर पडले नसते. पण ते स्वतःच इतके पांढरेफटक उभे होते की मला हसू फुटलं. रस्त्यात, भर दुपारी, खूप वर्षांनी मी मोठ्यानं हसले.

काकूंनी परत बोलावून घेतलं. "पांढऱ्या रानात पांढरं पेरलंस तर उगावल्यालं कळायचं कसं?" मग काळ्यावर पिवळीधमक, ताटाएवढी फुलं दिली. पलीकडे गेले. काकूंनी मान हलवली. फुलं तेवढी आली, तू घरीच राहिलीस, म्हणाल्या. तिसरा तागा डाळिंबी रंगाचा होता. त्यावर वाटीच्या तोंडाएवढी मोतिया फुलं, हिरवीगार पानं आणि फुलाफुलांत मोकळं रान. ते घेऊन उभी राहिले तर काकू ओट्याच्या कडेपर्यंत आल्या. नुसत्या बघत राहिल्या.

"आता आलीस," त्या म्हणाल्या. "आधी तू दिसली पायजेस, मागनं फुलं."

फिकट रंगाच्या माणसानं कोणती फुलं घालावीत याचं एवढं सोपं गणित मला नंतर कुठल्याही मासिकात सापडलं नाही. गळ्याशी गडद रंग, फूल ना टिकलीएवढं ना ताटाएवढं, आणि दोन फुलांत श्वास घ्यायला जागा.

* * *

आमच्या कारखान्याच्या गेटवर एक वॉचमन होते, साताऱ्याकडचे. रोज सकाळी सही करताना मला विचारायचे, "मॅडम, बरं नाही का?" महिनाभर! मी रोज सांगायची, बरं आहे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

डाळिंबी ड्रेस घालून गेले त्या दिवशी त्यांनी रजिस्टर पुढे केलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, आज बरं वाटतंय ना?"

* * *

याच ड्रेसचा एक पोटकिस्सा आहे. मी पूर्ण बाह्या सांगितल्या होत्या. शिवून आला तो कोपराच्याही वर संपणाऱ्या आखूड बाह्यांचा. मी हिरमुसले. उन्हात जाताना हात झाकायचे हे मी डॉक्टरांचं ऐकायची. पण मी सावलीतही झाकायची, ते माझं स्वतःचं होतं. काकू मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "कापाड कमी पडलं. लांब बाह्या निघंनात."

कमी पडलं तर पडलं. उन्हाला ओढणी होतीच. सावलीत मात्र हात उघडे राहू लागले. पहिले चार दिवस मी हात टेबलाखाली ठेवून जेवले. पाचव्या दिवशी विसरले. काकूंनी त्यानंतर शिवलेल्या प्रत्येक ड्रेसला कापड कमीच पडलं. मला वाटायचं, काकू एवढ्या हुशार, पण यांना माझं माप काही जमत नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी काकूंची मुलगी सुरेखा गोधडीसाठी चिंध्यांचं एक जुनं, बांधून ठेवलेलं पोतं उपसत होती. मी मदतीला बसले होते. तळाशी डाळिंबी फुलांच्या दोन लांब बाह्या निघाल्या. बेतलेल्या, कापलेल्या, एकीला तर मनगटाची पट्टीसुद्धा लावलेली.

मी त्या गुपचूप घडी करून माझ्या ट्रंकेत ठेवल्या. काकूंना काही म्हटलं नाही. आभार मानले असते तर त्यांनी साफ नाकारलं असतं.

* * *

काकूंचं माहेर ताम्हिणीकडचं. एकदा सगळे मिळून तिकडे निघालो होतो, वाटेत एका ढाब्यावर थांबलो. मी मोरपंखी ड्रेसमध्ये, त्यावर शेंदरी फुलं, उन्हाचा त्रास म्हणून डोळ्यांवर काळा गॉगल. ढाबेवाल्यानं बाकी सगळ्यांपुढे पिठलं-भाकरी ठेवली आणि माझ्यापुढे ब्रेड-ऑम्लेट, मिरची वगळून. वर अदबीनं म्हणाला, "मॅडम, नो स्पायसी."

मी हिंगोलीच्या ठसक्यात विचारलं, "दादा, ठेचा नाही का तुमच्याकडं?"

तो आत धावत गेला आणि फॉरेनर बाई मराठी बोलते म्हणून आचाऱ्याला बाहेर घेऊन आला. तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटायला लागलं होतं. काकूंनी भाकरी मोडता मोडता त्याला शांतपणे सांगितलं, की फॉरेनर कसली, ही माझी लेक आहे. आता काकू काळ्यासावळ्या, काका त्याहून दोन बोटं वरचे, सुरेखा आईवर गेलेली. ढाबेवाल्यानं काकूंकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत काकूंकडे पाहिलं. माणूस भला होता.

"व्हय की," तो म्हणाला. "नाक तुमचंच हाय."

काका जन्मात जेवढे हसले नव्हते तेवढे त्या दिवशी हसले. मला मात्र रडू आलं, आणि ते ठेच्यावर ढकलता आलं.

* * *

आता पडद्यांचा किस्सा. कारखान्यानं नवं कॅन्टीन बांधलं. पडदे कोणाकडे शिवायचे असं साहेबांनी विचारलं. मी अर्थातच काकूंचं नाव सांगितलं. काकूंना केवढा आनंद! पुण्याहून कापड आणलं, आठ दिवस मशीन धडधडत होतं, पण मला बघू देईनात. उद्घाटनाच्या दिवशीच दाखवीन म्हणाल्या.

त्या दिवशी बाहेरचे पाहुणे येणार होते, म्हणून मी माझा आवडता डाळिंबी ड्रेस घातला. कॅन्टीनमध्ये पाऊल टाकलं आणि जागीच थिजले. सहा खिडक्या, बारा पडदे, आणि सगळ्या पडद्यांवर वाटीच्या तोंडाएवढी मोतिया फुलं! तीच. माझीच.

स्टाफचा फोटो नेमका खिडकीपाशी काढला गेला. फोटो धुऊन आला तेव्हा सगळे माणसासारखे उभे होते आणि उजवीकडे पडद्यात एक चेहरा आणि दोन हात तरंगत होते. साहेबांनी तो नोटीस बोर्डावर लावला. लोक येऊन मोजायचे, आपण किती जण आहोत म्हणून.

मी फोटोची कॉपी घेऊन तणतणत काकूंकडे गेले. असं का केलं म्हणून विचारलं. त्यांचा हिशेब सरळ होता. तुला शोभतंय तर कॅन्टीनलाही शोभेल, त्याच्या भिंती तुझ्यासारख्याच पांढऱ्या आहेत. मी फोटो पुढे केला. काकूंनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि समाधानानं मान डोलावली.

"बराबर हाय की मंग. आधी तूच दिसतीयास."

तो फोटो त्यांनी दुकानात आरशाच्या जागी लावला. आरसा आत गेला.

* * *

२००७ मध्ये सुरेखाचं लग्न ठरलं. तिला सख्खी बहीण नाही. नवरीच्या मागे करा घेऊन करवली उभी राहते, ती कोण? सुरेखानं परस्पर जाहीर करून टाकलं, अलकाताई. म्हणजे मी.

कासार आंबोलीहून काकूंच्या मोठ्या नणंदबाई आल्या होत्या. त्यांना सगळे आंबोलीच्या आत्या म्हणायचे. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मी मागच्या दारानं अक्षतांचं ताट घेऊन येत होते आणि स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज ऐकू आला. शुभकार्यात अंगावर कोड असलेली पोरगी पुढं करायची का? पाव्हणे काय म्हणतील? उद्या सुरेखाच्या संसाराला काही झालं तर?

मी ताट तिथंच ओट्यावर ठेवलं. खोलीत गेले आणि बॅग भरायला घेतली. ऑडिट निघालंय, रजा मिळत नाही, असं सांगायचं ठरवलं. सहा वर्षांत जे काही उघडं केलं होतं ते परत झाकायची वेळ आली, असंच वाटलं. आई बरोबर होती. दिसूच नये.

संध्याकाळी ऑडिटची थाप मारायला काकूंसमोर गेले. आत्या शेजारीच बसलेल्या. काकूंनी माझं ऐकून घेतलं, मग नणंदेकडे वळून म्हणाल्या, "वन्सं, करा धराया हात लागत्यात. हिचं हात सा वर्षं माझ्या घरात राबत्यात. त्यास्नी काय झालं न्हाई, आन् मलाबी न्हाई."

काकू नणंदेपुढे मोठ्या आवाजात कधी बोलत नसत. त्या दिवशीही आवाज मोठा नव्हता. मी तिथंच रडायला लागले. बॅग सुरेखानं उपसून टाकली.

लग्नात सगळ्या बायका काठपदरात. काकूंनी मला नेसवली छापील रेशमी साडी, वांगी रंगाची, त्यावर मोतिया आणि केशरी फुलं. आदल्या दिवशी गिरणीसमोर रीतसर पास झालेली. मी करा घेऊन उभी राहिले. कऱ्यावरचा दिवा हलत होता, आणि मांडवातली पाच-सहाशे माणसं समोर. मी मान वर ठेवली. मंगलाष्टकं संपेपर्यंत ठेवली. नंतर हळदीकुंकू द्यायला आत्यांपुढे गेले, तर त्यांनी करंडा खाली ठेवायला सांगितला आणि आपल्या हातानं कुंकू लावून घेतलं.

जेवणाच्या पंगतीत मुलाकडच्या दोन बायका काकूंकडे चौकशी करत आल्या. करवलीच्या रंगाबद्दल विचारणार म्हणून मी खांबाआड सरकले. त्यांनी विचारलं, करवलीची साडी कुठून घेतली?

मला आभाळ ठेंगणं झालं. काकूंचं मात्र दिवसभर काहीतरी बिनसलेलं. रात्री पाहुणे पांगल्यावर म्हणाल्या, "साडी आधी दिसली त्यास्नी. फुलं वाईच मोटी झाली गं, माजंच चुकलं."

* * *

पुढच्या वर्षी वैशाखात, एका रविवारी, मी दुकानात काज-बटण करत बसले होते. काकू मशीनवर. ओट्याशी आंबोलीच्या आत्या येऊन उभ्या राहिल्या. लग्नानंतर प्रथमच. सोबत त्यांची नात वैष्णवी, सात वर्षांची. त्या उकाड्यात पोरीच्या अंगात बदामी रंगाचा, मनगटापर्यंत बाह्यांचा, बंद गळ्याचा फ्रॉक. केस घामानं कपाळाला चिकटलेले. आणि ओठाच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग.

मशीन थांबलं नाही. काकूंनी एकदा पाहिलं आणि पाय चालवत राहिल्या. आत्या त्यांना ओलांडून आत आल्या. माझ्यासमोर सतरंजीवर बसल्या, नातीला पुढ्यात ओढलं.

"हिला कंची फुलं बरी दिसत्याल," त्या म्हणाल्या, "तूच बघ की."

मी उठले. एकेक तागा उलगडला. फिकट बाजूला सारले. राणी रंगावर चिंचेच्या पानाएवढ्या पाकळ्यांची, पिवळसर, सुटी सुटी फुलं होती. लहान अंगाला लहान फूल. वैष्णवीच्या खांद्यावरून कापड सोडलं आणि तिला रस्ता ओलांडून गिरणीपाशी उभं केलं. नामदेवभाऊ बाहेर आले, तिच्याकडे बघून पिठाचे हात झटकले. पोरगी खुदकन हसली.

मी ओट्यावर परत आले. आत्या उभ्या राहिल्या होत्या. हाताचा आडोसा करून पलीकडे बघत होत्या. कितीतरी वेळ बघत होत्या.

मशीन थांबलं. काकू टेप घेऊन उठल्या, पोरीला हाक मारून बोलावलं, पाठ मोजली, छाती मोजली, खांदा मोजला. मग सतरंजीभर पसरलेल्या त्या अख्ख्या ताग्याकडे बघत म्हणाल्या,

"वन्सं, कापाड कमी पडतंय. बाह्या आखूडच हुत्याल."

आत्यांनी ताग्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे.

"पडू दे," त्या म्हणाल्या.